उजवीकडे, खाली

बोंडं खाऊन झालं असेल, मी म्हणालो.
एप्रिलचा दुसरा आठवडा, भट्टी रात्रंदिवस पेटलेली,
आणि उपेश सकाळपासून काजूत,
बोंडांच्या बिया पिळून काढत,
मधूनच एखादं पिकलेलं तोंडात टाकत.
अकरा वर्षांचं पोर. पोट दुखणारच.

कुठे दुखतं?
त्यानं बेंबीभोवती अख्खा तळवा फिरवला.
सगळीकडेच, बाबा.
त्याच्या आईनं बेंबीत हिंग लावला,
मी बोटभर फेणी चोळली,
शेजारची द्वारकाकाकी एरंडेलाची बाटली घेऊन आली.
ती बाटली उघडली नाही.
शहाणपण नव्हे. झाकण गंजलं होतं.

दुपारी बांगड्याचं हुमण.
शेपटीसाठी बहिणीशी भांडणाऱ्या पोरानं
ताट सरकवलं.
मग ओकला. पुन्हा ओकला, नुसतं पाणी.
आधी कळ, मग ओकारी:
हा क्रम डॉक्टरीणबाईंनी मला नंतर दोनदा विचारला.
काय फरक पडतो, मला वाटलं.
पडतो.

दिवेलागणीला कळ हलली.
बेंबी सोडून उजवीकडे, खाली,
कमरेच्या हाडाच्या जरा अलीकडे जाऊन बसली.
आता त्याला दाखवता येत होतं.
इथे.
एक बोट.

अंग कोमट. ताप म्हणावा असा ताप नाही.
उजवा पाय पोटाशी घेऊन निजलेला,
मोरीपर्यंत गेला तो वाकून, भिंत धरून.
मी म्हटलं, एक उडी मार बघू.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी स्कूटरची चावी शोधायला लागलो.

चरावण्याहून वाळपईपर्यंत किती गतिरोधक आहेत
मला माहीत नव्हतं. आता माहीत आहेत.
प्रत्येकावर त्याची बोटं माझ्या शर्टात रुतायची,
सपाट रस्त्याला सुटायची.
देवळापाशी दोन. शाळेपाशी एक, उगीचच उंच.
पुढे कुणीतरी आपल्या दारासमोर स्वतःच घातलेला.
आणि मग एकावर
बोटं रुतली नाहीत.
बाबा, थांबलं. बरं वाटतंय. घरी जाऊया.

मी स्कूटर कडेला घेतली.
खरं सांगतो, हात जोडले.
भट्टीचा जाळ कोण बघत असेल, हेही मनात आलं.
फिरलोच असतो मागे,
पण पेट्रोल भरायला तसंही वाळपईत जायचं होतं.

सिस्टर पिएदादनं त्याला आडवं केलं,
पोटावर हात ठेवून सावकाश, खोल दाबला.
उपेश ओठ मिटून.
मग तिनं हात झटकन उचलला.
दाबताना नाही, सोडताना ओरडला तो.
दुखायचं कधी थांबलं? तिनं विचारलं.
वीस मिनिटं झाली की, मी हसून म्हणालो.
ती हसली नाही.
एकशेआठला फोन लावता लावता म्हणाली,
पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका आता.

उसगाव, खांडेपार, बाणस्तारी.
बांबोळीला पोचेपर्यंत मध्यरात्र.
आत फुटलं होतं, पू पसरत होता.
एवढंसं असतं ते, म्हणत डॉक्टरीणबाईंनी
स्वतःची करंगळी दाखवली.
फुटलं की ताण जातो, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं.
त्या थोड्या वेळात माणसं घरी परततात.

नऊ दिवस राहिलो तिथे.
हुराक त्या वर्षी दुसऱ्यांनी गाळली.

आता भट्टीवर कुणी म्हणालं, पोराचं पोट दुखतंय,
तर मी बोंडांचं नाव काढत नाही.
तळवा फिरवतो की बोट ठेवतो? जेवला का?
खोकताना पोट धरतो का?
सगळ्यांचं असंच होतं असं नाही, सिस्टर सांगते,
कुणाला जागा वेगळी, कुणाला तापच नाही,
म्हणून ठरवायचं आपण नाही. न्यायचं.
आणि कुणी म्हणालं, थांबलं हो, आता निजलाय शांत,
तर मी पुढचं ऐकत नाही. गाडी काढतो.

द्वारकाकाकी अजून बाटली मागते.
सापडत नाही, सांगतो तिला.
भट्टीमागच्या फळीवर आहे.
झाकण आता पुरतं धरलंय.